आकडा दिसला की आधी छेद शोधा

आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा मी तासभर शिकवते. पहिल्यांदा फळ्यावर ‘संख्याशास्त्राची तोंडओळख’ असं लिहिलं होतं. सहा जण आले, त्यांतले दोघे पंख्याखाली बसायला. पुढच्या महिन्यात ‘व्हॉट्सॲपवर आलेलं संशोधन: खरं किती?’ असं लिहिलं, तर जास्तीची सतरंजी टाकावी लागली. शिकवलं मात्र दोन्ही वेळा तेच.

त्याआधी तीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला. आपल्याकडे दहावीच्या गणितात सांख्यिकी आणि संभाव्यता हे धडे आहेत. मुलं मध्य, मध्यक, बहुलक काढतात, आलेख काढतात, पैकीच्या पैकी मार्क मिळवतात. पण सारणीतले ते आकडे कोणी गोळा केले, कोणाला विचारून केले, कोण विचारायचं राहून गेलं, असा प्रश्न पेपरात येत नाही. म्हणून मोठेपणी ‘धोका ४० टक्क्यांनी कमी’ असं वाचलं की पैकीच्या पैकीवाला आणि काठावर पास झालेला, दोघेही सारखेच गार पडतात.

तासाला मी जी रीत वापरते ती इथे पायरीपायरीने देते आहे. कागद-पेन घेऊन बसा. गणित भागाकारापुरतंच लागेल. प्रश्नही फिरून फिरून एकच येईल: या आकड्याचा छेद काय, म्हणजे तो कितींपैकी?

सरावासाठी एक बातमी मी स्वतः रचली आहे. ती कुठेही छापून आलेली नाही, कृपया पुढे पाठवू नका. (एवढं सांगूनही एका काकांनी पाठवलीच.) बातमी अशी: ‘रोज दुपारी ताक पिणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका ४० टक्क्यांनी कमी, संशोधकांचा दावा.’

पायरी १: दावा एका वाक्यात उतरवा

कागदावर हे वाक्य लिहा आणि गाळलेल्या जागा भरा:

‘____ प्रकारच्या ____ लोकांपैकी, ज्यांनी ____ केलं त्यांच्यातल्या ____ जणांना, आणि ज्यांनी केलं नाही त्यांच्यातल्या ____ जणांना, ____ वर्षांत ____ झालं.’

ताकाच्या बातमीत ‘ताक पिणं’ आणि ‘हृदयविकार’ एवढ्या दोनच जागा भरता येतात. लोक कुठले, किती, ताक न पिणाऱ्यांचं काय झालं, किती वर्षं पाहिलं, सगळं कोरं. ४० टक्के हा आकडा तर या वाक्यात बसतच नाही, कारण तो दोन आकड्यांच्या तुलनेतून काढलेला आहे आणि ते दोन्ही आकडे बातमीने स्वतःकडेच ठेवले आहेत.

कोऱ्या जागा भरायला मूळ शोधनिबंध गाठावा लागतो. बातमीत नियतकालिकाचं, विद्यापीठाचं किंवा संशोधकाचं नाव असेल तर ते आणि विषय इंग्रजीत पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, टाका. पूर्ण निबंध कदाचित पैसे मागेल, पण सारांश फुकट असतो आणि निम्म्या गाळलेल्या जागा सारांशातच भरतात. यातलं एकही नाव बातमीत नसेल, नुसतं ‘अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी’ असं असेल, तर पेन खाली ठेवा आणि चहा टाका. तपासण्यासारखं तिथे काही नाही.

पायरी २: टक्के आले की विचारा, कशाचे?

समजा, दहा वर्षांत ताक न पिणाऱ्या १,००० जणांपैकी ५ जणांना झटका आला आणि ताक पिणाऱ्या १,००० पैकी ३ जणांना. पाचाचे तीन झाले, म्हणजे ४० टक्के घट. आता दुसरी शक्यता: ५० चे ३० झाले. तीही ४० टक्केच. पहिल्या बाबतीत एक झटका टाळायला ५०० माणसांनी दहा वर्षं ताक प्यायचं, दुसऱ्या बाबतीत ५० माणसांनी. बातमीचा मथळा मात्र दोन्हींचा सारखाच.

टक्क्यांतल्या या तुलनेला सापेक्ष जोखीम म्हणतात, आणि हजारात दोन किंवा हजारात वीस या फरकाला निरपेक्ष. फायदा सांगताना सापेक्ष आकडा आणि दुष्परिणाम सांगताना निरपेक्ष, अशी चलाखी जाहिरातीत नेहमी दिसते. एकाच कागदावर दोन मापं दिसली की सावध व्हा.

या फरकाची किंमत काय पडते ते ब्रिटनमध्ये दिसलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. घाबरून कित्येक बायकांनी गोळ्या बंद केल्या. मूळ आकडे होते ७,००० मध्ये १ वरून ७,००० मध्ये २. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो! इशाऱ्यात खोटं काही नव्हतं. त्यात ७,००० हा छेद तेवढा नव्हता.

म्हणून कोणताही टक्का दिसला की तो ‘हजारात किती’ असा लिहून काढा. लिहिता येत नसेल, तर तेवढी माहितीच तुम्हाला दिलेली नाही.

पायरी ३: तपासणीच्या रिपोर्टला दोन छेद असतात

आमच्या वयाचा जिव्हाळ्याचा विषय. ‘९० टक्के अचूक’ तपासणी, रिपोर्ट पॉझिटिव्ह. आजार असण्याची शक्यता किती? वर्गातले सगळे एकमुखाने म्हणतात, ९० टक्के.

जर्मनीत मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी हाच प्रश्न १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला होता, मॅमोग्राफीबद्दल. आकडे असे दिले: तपासणीला येणाऱ्या १०० पैकी एका बाईला स्तनाचा कर्करोग असतो, असेल तर तपासणी ९० टक्के वेळा पकडते, नसेल तरी ९ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. बरोबर उत्तर फक्त २१ टक्के डॉक्टरांनी दिलं. मग त्यांना टक्क्यांऐवजी माणसं मोजायला शिकवलं, तशी आपण आता मोजू.

१,००० बायका घ्या. १० जणींना आजार आहे, त्यांतल्या ९ पॉझिटिव्ह. ९९० जणींना आजार नाही, तरी ९ टक्क्यांच्या हिशेबाने त्यांतल्या ८९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह रिपोर्ट ९८, त्यांत खरा आजार ९ जणींना. साधारण दहात एक.

‘९० टक्के’चा छेद होता आजार असलेल्या बायका. आपल्याला हवा होता तो छेद पॉझिटिव्ह आलेल्या बायकांचा. प्रशिक्षणानंतर त्याच डॉक्टरांपैकी ८७ टक्के जणांचं उत्तर बरोबर आलं. संख्याशास्त्राच्या शिक्षणाने काय होतं असं कोणी विचारलं, तर मी आधी हे उदाहरण देते, कारण इथे कोणाला नवं सूत्र शिकवलेलं नाही. आकडे मांडायची पद्धत फक्त बदलली.

यावरून तपासणी करू नका असा अर्थ काढू नका. पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टने हातपाय गाळू नका आणि पुढची खात्रीची तपासणी टाळू नका, एवढाच अर्थ.

पायरी ४: शितं कुठल्या भांड्यातली?

शितावरून भाताची परीक्षा ही आपल्या आज्यांची नमुना-पाहणीच. पण ती पातेल्यातल्या, ढवळलेल्या भाताला लागू. गच्च भरलेल्या कुकरमध्ये वरचा भात फडफडीत आणि तळाचा करपलेला असेल, तर वरची दहा काय आणि हजार काय, शितं तळाबद्दल काही बोलणार नाहीत.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात शहरात कोरोनाच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. आयसर पुणे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्था त्यात होत्या. १,६६४ जणांचं रक्त तपासलं, ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. लगेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: निम्म्या पुण्याला होऊन गेला, आता मास्क कशाला!

पण पाहणी पाच प्रभागांत होती: येरवडा, कसबा पेठ-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती. रुग्ण जास्त सापडत होते म्हणूनच हे प्रभाग निवडले होते. कोथरूड त्यात नव्हतं, हडपसर नव्हतं, बाणेर नव्हतं. आणि पाचांतही फरक केवढा! कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के, लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के. संशोधकांनी त्या प्रभागांबद्दलचं उत्तर दिलं होतं. ‘पुणे’ हा छेद मेसेज लिहिणाऱ्याने पदरचा घातला.

इथे एक झटपट हिशेब शिकून ठेवा. नमुन्यातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्याने १ ला भागा. १,६६४ चं वर्गमूळ साधारण ४१, म्हणजे चूक सुमारे अडीच टक्के इकडे-तिकडे. हजार माणसं असतील तर तीन टक्के, शंभर असतील तर दहा. निवडणुकीच्या चाचणीत दोन पक्षांत दोन टक्के फरक असेल आणि नमुना हजाराचा असेल, तर टीव्हीवर जो तावातावाने भांडतो आहे तो हवेशी भांडतो आहे.

हे गणित योगायोगाने निवडलेल्या नमुन्याचं आहे. निवडच तिरकी असेल तर माणसं कितीही वाढवा, फरक पडत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती, हे ध्यानात घ्या.

आमच्या ताकाच्या पाहणीसाठी समजा सकाळी साडेसहाला बागेत फिरायला येणाऱ्यांना विचारलं. त्या वेळी बागेत कोण असतं हे तुम्हाला माहीत आहे.

पायरी ५: कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. तरी फसतो, कारण संशोधनात कावळा एकदा बसत नाही, हजार वेळा बसतो आणि हजार वेळा फांदी तुटते. मग योगायोग म्हणता येत नाही. तेव्हा विचारायचं: मुळात कावळे कसल्या फांदीवर बसतात?

रोज दुपारी ताक कोण पितं? ज्याला दुपारी घरी जेवता येतं, किंवा ज्याच्या डब्यात कोणीतरी बाटली भरून देतं. चाकणला रात्रपाळी करणारा किंवा हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिकमध्ये घरी येणारा सहसा पीत नाही. झोप, ताण, पगार, वडापाव, सिगारेट, सगळंच दोन गटांत वेगळं. फरक ताकाचा की ताकाभोवतीच्या आयुष्याचा, हे नुसत्या निरीक्षणातून सांगता येत नाही.

हा प्रश्न लाखो बायकांच्या बाबतीत खरोखर उभा राहिला होता. पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्या बायकांत हृदयविकार कमी दिसतो, असं अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत आढळलं होतं आणि त्या भरवशावर डॉक्टर गोळ्या लिहून देत होते. मग १६,६०८ बायकांवर प्रयोग झाला. कोणी खरी गोळी घ्यायची आणि कोणी लुटूपुटूची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. जुलै २००२ मध्ये तो वेळेआधी थांबवावा लागला. वर्षाला दर १०,००० बायकांमागे हृदयविकाराच्या ७ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ केसेस जास्त होत्या. उलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ आणि खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ५ कमी. आधीच्या पाहणीत हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच सुखवस्तू, शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या.

दोन गोष्टी इथे टिपून ठेवा. एक, चिठ्ठ्या टाकल्या की सुखवस्तू-गरीब, झोपाळू-निद्रानाशवाले सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. ज्यांची आपल्याला कल्पनाही नाही असे फरकसुद्धा. रँडमाइज्ड ट्रायलची ताकद तेवढ्यात आहे. दोन, त्या १६,६०८ जणींचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीच्या बाईला हेच आकडे जसेच्या तसे लावावेत का, यावर नंतर बराच काथ्याकूट झाला, आणि तो रास्त होता. प्रयोग चांगला असला तरी त्यातली माणसं कोण, हा चौथ्या पायरीचा प्रश्न सुटत नाही.

तुलनेचा गट नसेल तर आणखी एक भूत मानगुटीवर बसतं. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी विचारलं, ‘अहो मॅडम, माझी साखर २४० झाली होती. मेथीचं पाणी सुरू केलं, महिन्यात १९० वर आली. हे डोळ्यांनी पाहिलेलं, ते खोटं कसं?’ खोटं मुळीच नाही. पण आपण उपाय कधी सुरू करतो? सगळ्यात वाईट रिपोर्ट येतो तेव्हा. रोज वर-खाली होणारी गोष्ट कमालीच्या टोकाला असताना पकडली, की पुढच्या वेळी ती बहुधा सरासरीकडे सरकलेली दिसते; मेथी घ्या, गंडा बांधा, नाहीतर काहीच करू नका. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात हे दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने तेवढी नाही. गुडघेदुखी, पाठदुखी, परीक्षेचे मार्क, क्रिकेटपटूचा फॉर्म, सगळीकडे हेच. काकूंना मी म्हटलं, मेथी चालू ठेवा हवी तर, पण डॉक्टरांची गोळी बंद करू नका. त्या म्हणाल्या, ‘गोळी तर मी त्याच आठवड्यात वाढवली होती.’ घ्या!

पायरी ६: नशिबाचा वाटा मोजा

या पायरीसाठी जगात कुठे जायची गरज नाही. पुण्यात झालेला प्रयोग मला सगळ्यात आवडतो.

जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा २०० कुंडल्या तयार होत्या. भाग घेणाऱ्याला त्यांतल्या योगायोगाने काढलेल्या ४० दिल्या जाणार होत्या. कुंडली पाहून सांगायचं, मूल हुशार की मतिमंद. नुसतं नाणं उडवलं तरी सरासरीने २० बरोबर येतात. म्हणून आधीच ठरवलं: किमान २८ बरोबर आली तर यश मानू.

२८ च का? नाणं ४० वेळा उडवून २८ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता काढा. ती सुमारे ०.८ टक्के येते, हजारात आठ. पी-व्हॅल्यू, पी-व्हॅल्यू म्हणतात ती हीच: नुसतं नशीबच काम करत असतं, तर इतका किंवा याहून चांगला निकाल किती वेळा लागला असता. ‘दावा खोटा असण्याची शक्यता हजारात आठ’ असा तिचा अर्थ होत नाही. हा घोळ इतका पसरला, की मार्च २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून समजवावं लागलं.

५१ जणांनी आपली माहिती पाठवून तयारी दाखवली. उत्तरं २७ जणांची आली. सगळ्यात जास्त गुण २४. सरासरी विसाच्याही खाली.

आता गंमत बघा. ज्याला ४० पैकी २४ मिळाले त्याने उद्या पेपरात जाहिरात दिली, ‘६० टक्के अचूक, शास्त्रज्ञांच्या प्रयोगात सिद्ध’, तर? आकडा खरा. पण एका माणसाला नाणं उडवून २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता १३ टक्के आहे. २७ जणांनी नाणी उडवली तर त्यांतले सरासरीने तीन-चार जण २४ गाठतात. जाहिरातीत २४ हा अंश असतो, ४० हा छेदही असतो. बाजूला ठेवलेला असतो तो दुसरा छेद, २७. किती जणांनी प्रयत्न केला तेव्हा हा एक निघाला?

थोडं पुढे जाऊ. २७ जणांपैकी एखाद्याने २८ गाठले असते तर? एकट्या माणसाला ती शक्यता ०.८ टक्के, पण सत्तावीस जणांत किमान एकाला नुसत्या नशिबाने ती मजल मारता येण्याची शक्यता सुमारे २० टक्के होते. म्हणजे पाचांत एक. तेव्हा कोणी जिंकला असता तरी त्याला नव्या ४० कुंडल्या देऊन पुन्हा बसवणं योग्य ठरलं असतं. प्रयोग आवडीच्या बाजूने लागला म्हणून हे बोलायचं नाही, असं नाही.

हाच दुसरा छेद लपवून २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक सापळा लावला. जर्मनीत १५ माणसांवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला आणि ‘चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं’ असा निबंध छापून आणला. देशोदेशींच्या पेपरांनी उचलला. युक्ती साधी होती: वजन, कोलेस्टेरॉल, झोप असं १८ प्रकारचं काहीबाही मोजायचं. प्रत्येक मापात योगायोगाने फसण्याची शक्यता ५ टक्के धरली आणि मापं एकमेकांवर अवलंबून नाहीत असं मानलं, तर अठरांत कुठेतरी एक तरी ‘निष्कर्ष’ सापडण्याची शक्यता ६० टक्के निघते. जे सापडलं ते छापायचं, उरलेली सतरा विसरायची.

निबंध वाचताना त्यामुळे दोन गोष्टी शोधा. किती गोष्टी मोजल्या, आणि यशाची अट आधी ठरवली होती की निकाल पाहून. ‘फक्त चाळिशीच्या वरच्या बायकांत, सकाळी घेतल्यास परिणाम दिसला’ अशा वाक्याला टाळ्या देऊ नका. अशा किती कोपऱ्यांत शोधून झाल्यावर हा कोपरा सापडला, ते बघा.

पायरी ७: मोजलं काय?

थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांत दाखवलं, की शेतातला फार छोटा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढला तर तो फुगतो. तुकड्याच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. तुकडा छोटा असेल तर कडेवरच्या रोपांचा वाटा मोठा, म्हणून चूकही मोठी. कोणी लबाडी केलेली नव्हती, आणि तरी देशाच्या धान्याचा अंदाज चुकला असता.

दुसरं उदाहरण रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सारखं माप म्हणजे सारखी तब्येत नव्हे. बातमीत ‘तब्येत सुधारली’, ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असं आलं की नेमकं काय आणि कशाने मोजलं ते विचारा. ‘प्रतिकारशक्ती’ला मोजपट्टी लावलेली मी क्वचितच पाहिली आहे.

पायरी ८: खणात काय राहिलं?

फसलेले प्रयोग बऱ्याचदा छापले न जाता टेबलाच्या खणातच राहतात, हा सगळ्यात मोठा हरवलेला छेद. त्यावर उपाय म्हणून प्रयोग सुरू होण्याआधीच नोंदवण्याची पद्धत आली. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. ती कोणालाही फुकट पाहता येते. काढा, चूर्ण, कॅप्सूल, ज्याच्यावर ‘क्लिनिकली प्रूव्हन’ लिहिलेलं आहे त्याचं नाव तिथे टाकून बघा. नोंदीत काय मोजायचं ठरलं होतं आणि जाहिरातीत काय सांगितलंय, हे शेजारी शेजारी ठेवून वाचायला मजा येते.

एकाच निबंधावर विसंबू नका, हेही याच पायरीचं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष ठळक होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. तेव्हा ‘नवं संशोधन’ यातल्या ‘नवं’ शब्दाचा मोह आवरा आणि त्याच प्रश्नावरच्या सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा कोणी घेतलाय का ते शोधा. असे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे यासाठी चांगले, आणि त्यांचे साध्या भाषेतले सारांश फुकट आहेत.

पायरी ९: आवडीच्या दाव्यालाही हीच फुटपट्टी

एक कोडं सोडवा. त्वचेचं मलम लावणाऱ्यांपैकी २२३ जणांचं पुरळ बरं झालं, ७५ जणांचं वाढलं. मलम न लावणाऱ्यांपैकी १०७ जणांचं बरं झालं, २१ जणांचं वाढलं. मलम उपयोगी आहे का?

घाईत २२३ दिसतात. छेद मांडा: लावणारे २९८, त्यांतले ७५ टक्के बरे. न लावणारे १२८, त्यांतले ८४ टक्के बरे. मलम न लावलेलंच बरं.

येल विद्यापीठातले डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे कोडं १,१११ अमेरिकनांना घातलं. ज्यांचं गणित चांगलं त्यांना ते जास्त सुटलं, अपेक्षेप्रमाणे. मग हेच आकडे ठेवून मलमाऐवजी बंदूकबंदी आणि गुन्हेगारी असा विषय दिला. आता गणित चांगलं असणाऱ्यांना उत्तर सुटायचं ते मुख्यतः आपल्या राजकीय मताला पटणारं निघत असेल तेव्हा. घाईतलं उत्तर नावडतं असलं की माणूस छेद मांडायचे कष्ट घेतो, आवडतं असलं की तिथेच थांबतो; कष्ट दोन्ही वेळा सारखेच घ्यायला हवेत.

शिक्षणाचा उपयोग होत नाही असं मात्र नाही. १९८८ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि सहकाऱ्यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची तुलना छापली. मानसशास्त्र आणि वैद्यक शिकणाऱ्यांचा रोजच्या प्रश्नांतला संख्याशास्त्रीय विचार शिक्षणाने सुधारला होता. रसायनशास्त्र शिकणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. माझा अंदाज असा, की माणसांसारख्या बेभरवशाच्या वस्तूंबरोबर रोज काम पडलं की छेद शोधायची सवय लागते. खाण्याच्या सोड्यावर आम्ल टाकलं की तो दर वेळी फसफसतोच, तिथे नशीब मोजायची वेळ कशाला येणार?

माझा स्वतःचा आवडता दावा कॉफीबद्दल आहे. तीन-चार कप चांगले असतात असं सांगणारी पाहणी मी पहिल्या ओळीवर स्वीकारते आणि उलटं सांगणारी पाचव्या पायरीवर पाडते. वर्गातल्या एका आजोबांनी हे पकडलं. तेव्हापासून कॉफीचे निबंध तेच तपासतात.

हे सगळं डॉक्टरांच्या केबिनमध्ये कसं वापरायचं

दर फॉरवर्डला नऊ पायऱ्या चढायची गरज नाही. निम्मे पहिल्याच पायरीवर बसतात. पूर्ण कष्ट घ्यायचे ते पैसा, गोळी किंवा ऑपरेशनचा प्रश्न असेल तेव्हा. मेसेज वाचून चालू औषध बंद करू नका, सुरूही करू नका. वहीत हा प्रश्न लिहून न्या आणि वाचून दाखवा, कारण समोर बसल्यावर आठवत नाही:

‘डॉक्टर, माझ्या वयाच्या आणि माझ्यासारख्या तब्येतीच्या शंभर जणांनी हे पाच वर्षं घेतलं तर किती जणांचं काय टळेल? न घेणाऱ्या शंभरांत ते किती जणांना होतं? आणि घेणाऱ्या शंभरांत त्रास किती जणांना होतो?’

बाहेर नंबर लावून बसलेले लोक दारातून डोकावत असतील, डॉक्टर घड्याळाकडे बघतील. बघू द्या. तीन आकडे मिळाले तर तिथेच लिहून घ्या, शंभर हा छेद खाली काढून. ‘बरंच कमी होतं हो’ असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा: बरंच म्हणजे शंभरात किती?